नजर शिकवता येते, म्हणून कॅमेरा शिकवा

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात, नजर हवी!" फोटोग्राफीचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. शिबिरात बोलायला आलेले नामवंत म्हणतात, हौशी मंडळांच्या प्रदर्शनात प्रमुख पाहुणे म्हणतात. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याच्या चढावर, जिथून आरे आणि वारे हे दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे संध्याकाळी गाड्या लावून उभी राहिलेली मंडळीही एकमेकांना हेच सांगतात. वाक्य ऐकायला उदार आहे. खिशात पैसे नसलेल्याला ते धीर देतं, यंत्राची भीती घालवतं, कलेला यंत्राच्या वर बसवतं. म्हणून त्याला कुणी उलट प्रश्न करत नाही. मला तो करायचा आहे, कारण शिकू पाहणाऱ्यांचं या वाक्याने जेवढं नुकसान केलं आहे तेवढं महागड्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींनीही केलेलं नाही.

कल्पना करा, बारावीनंतर एका मुलाने लग्न-साखरपुड्याचे फोटो काढून चार पैसे मिळवायची धडपड सुरू केली आहे. प्री-वेडिंगसाठी तो जोडप्याला आरे-वारेला घेऊन येतो, कारण रत्नागिरीत बहुतेक जण तिथेच येतात. सूर्य पाण्यापासून हातभर वर आहे आणि जोडपं समुद्राकडे पाठ करून उभं आहे. फोटोत एकतर आकाश पांढरंफटक येतं, नाहीतर आकाशाचा केशरी रंग उतरतो आणि दोघांचे चेहरे काळे पडतात. तो एखाद्या जाणत्याला विचारतो. जाणता सांगतो, "नजर तयार कर." मुलगा घरी जातो तो आपल्याकडे नजरच नाही असं समजून.

खरं तर त्याच्या नजरेत काही उणं नव्हतं. केशरी आकाश त्याला दिसलं होतं, चेहऱ्यावरचं हसू दिसलं होतं, म्हणून तर त्याने दोघांना तिथे उभं केलं. आपला डोळा आकाशाकडे वळला की बाहुली आकसते, चेहऱ्याकडे वळला की मोठी होते, आणि मेंदू दोन्हींचं मिळून एक चित्र आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच माप घेता येतं. मावळतीचं आकाश आणि त्याला पाठ केलेला चेहरा या दोघांना पुरेल असं एक माप बहुतेक वेळा नसतंच. मग करायचं काय? आकाशाचं माप घेऊन शटर १/२०० वर ठेवायचा आणि चेहऱ्यांपुरता फ्लॅश मारायचा. फ्लॅश नसेल तर दोघांना वळवून तोंडं सूर्याकडे करायची. नाहीतर सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबायचं. किंवा चेहऱ्यांचा नाद सोडून आज आपल्याला दोन काळ्या आकृत्याच हव्यात असं ठरवून टाकायचं. हे चारही मार्ग अर्ध्या तासात शिकवता येतात आणि त्यांतल्या एकालाही दैवी देणगी लागत नाही. शिकवता येणारी गोष्ट न शिकवता तिला देणगीचं नाव द्यायचं, आणि ती नसल्याचा दोष शिकणाऱ्याच्या माथी मारायचा, हा त्या उदार वाक्याचा खरा परिणाम आहे. गाण्याच्या क्लासात सूर कसा लावायचा हे न सांगता "कान हवा" एवढंच म्हणून कुणी मुलाला घरी पाठवत नाही. फोटोग्राफीत मात्र हे सर्रास चालतं.

हा पेच आजचा नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरपुढे १८५० च्या दशकात हाच होता. कोलोडियनच्या ओल्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर व्हायचा. समुद्राला पुरेसा वेळ द्यावा तर आकाश कोरं पांढरं व्हायचं, आकाश सांभाळावं तर पाणी काळं पडायचं. ल ग्रेने काही समुद्रचित्रांसाठी आकाशाची एक काच घेतली, पाण्याची दुसरी घेतली आणि दोन्ही जुळवून एका कागदावर छापल्या. सेत इथल्या किनाऱ्यावरची त्याची १८५७ सालची मोठी लाट अशीच घडली. त्या चित्रात नजर कुठे संपते आणि तंत्र कुठे सुरू होतं हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. आकाश आणि पाणी एका मापात मावत नाहीत हे ज्याला हाताने काम करून कळलं होतं, त्यालाच दोन काचांचं सुचलं.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सदस्यांत होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कसलेले फोटोग्राफर. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय केला. ओल्या काचेची फोटोग्राफी शिकायची म्हणजे काच स्वच्छ करायची, तिच्यावर कोलोडियन एकसारखं पसरायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आतच काच धुवायची. त्या पिढीचा आधी हात तयार झाला, आणि नजर त्या हाताबरोबर वाढली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली, तीही अशीच. वाटाणा उगवताना सगळ्यांनीच पाहिलेला असतो. दोन चौकटींमध्ये किती काळ जाऊ द्यायचा हा निर्णय फाळक्यांनी घेतला, म्हणून ती वाढ दिसण्याजोगी झाली.

मग नजर आणि यंत्र यांची ताटातूट कुणी केली? मी त्याचं मूळ १८८८ मध्ये शोधतो. त्या वर्षी जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. शंभर फोटोंची फिल्म त्यात भरूनच यायची, आणि ती संपली की सगळा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही करतो, असं त्याचं आश्वासन होतं. त्यामुळे सामान्य घरांत फोटो पोचले, आणि त्यासाठी ईस्टमनचे आभारच मानले पाहिजेत. पण 'बाकीचं' तेव्हापासून दुसऱ्याकडे गेलं, आणि आपल्या वाट्याला आलेल्या बटणालाच आपण हळूहळू नजर म्हणू लागलो.

तरीही पुढे बरीच वर्षं कॅमेरा माणसाला निदान एक प्रश्न विचारत होता. मागच्या पिढीतल्या अनेक मराठी घरांत आगफा क्लिक-३ असायचा. त्यावर ऊन आणि ढग अशी दोन चिन्हं होती, आणि रोलमध्ये बारा फोटो. बटण दाबण्याआधी मान वर करून ऊन आहे की ढग हे पाहावंच लागायचं. प्रकाशाकडे बघायची सवय त्या एका खटक्याने पुष्कळांना लावली. आजचा फोन तोही प्रश्न विचारत नाही. तुम्ही बटण दाबायच्या आधीपासून तो फ्रेममागून फ्रेम घेत असतो. त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आकाश दाबतो, चेहरा ओळखून तो नितळ करतो. आरे-वारेच्या उतरत्या उन्हात तो ल ग्रेचंच काम क्षणात उरकतो आणि पुष्कळदा उत्तम उरकतो. माझी तक्रार त्याच्या कौशल्याबद्दल नाही. ल ग्रेच्या चित्रातलं आकाश किती गडद असावं हे ल ग्रेने ठरवलं होतं. फोनमधलं आकाश किती गडद असावं हे एका कंपनीच्या अभियंत्यांनी, बहुतेकांना काय आवडतं त्या अंदाजाने, आधीच ठरवून ठेवलेलं असतं. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल जगभर वाद झाला. एकाने चंद्राचं चित्र मुद्दाम अंधुक करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलं आणि फोनने त्याचा फोटो काढला, तर त्या फोटोत मूळ चित्रात नसलेले खाचखळगे उमटले. फोन चंद्र ओळखून तपशील वाढवतो हे कंपनीने मग समजावून सांगितलं. "नजर हवी" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, की अशा फोटोत नजर कुणाची?

निर्णय डोळे मिटून यंत्रावर सोपवला की काय होतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण रत्नागिरी शहरातच आहे. तिथे एका बाजूला पांढरा समुद्र आहे आणि दुसरीकडे मांडवीचा काळा समुद्र. ही नावं वाळूच्या रंगावरून पडली. या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड खनिज असतं. आता कॅमेऱ्यातला मीटर कसा चालतो ते पाहा. समोर येणारं प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करडं असतं, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवतं, या गृहीतावर त्याची बांधणी झाली आहे. फ्रेममध्ये बहुतेक वाळूच असेल तर पांढरी वाळू तो करडी करतो आणि काळी वाळूही करडी करतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला दोन समुद्रांमधला फरक कॅमेरा पुसून टाकतो. यावर उपाय एका बटणाचा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन पांढऱ्या वाळूसाठी अधिक बाजूला एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) न्यायचं, काळ्या वाळूसाठी उणे बाजूला. पांढऱ्याला आणखी उजेड आणि काळ्याला आणखी कमी हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. पण एकदा करून पाहिलं की त्या माणसाचं पाहणंच बदलतं. समोरची वाळू किती पांढरी, ओला खडक किती काळा, सुरूच्या बनातली सावली नेमकी किती गडद, हे तो मनात मोजू लागतो. ज्याला आपण नजर म्हणतो ती मला तरी याहून वेगळी दिसलेली नाही. ती मीटरशी वाद घालता घालता तयार होते.

शटरचंही तसंच. आरे आणि वारे यांच्या मधल्या खडकावर फुटणारी लाट १/१००० ला टिपली तर थेंब न् थेंब सुटा दिसतो. पाव ते अर्ध्या सेकंदाला ओसरत्या पाण्याच्या रेघा वाळूवर ओढल्या जातात. ट्रायपॉडवर वीस सेकंद शटर उघडा ठेवला तर समुद्राचं धुकं होतं. भर उजेडात वीस सेकंद मिळत नाहीत, त्यासाठी लेन्सपुढे एनडी फिल्टरची काळी काच लावावी लागते. दहा स्टॉपची काच १/६० सेकंदाचे सोळा-सतरा सेकंद करते. माझ्या मते आषाढातला खवळलेला समुद्र वीस सेकंदांत गुळगुळीत करणं हा त्या समुद्रावर अन्याय आहे. त्याचा आवेश तसाच राहायला हवा. माघातल्या ओहोटीच्या पाण्याला मात्र तो लांब वेळ शोभतो. दुसऱ्या कुणाला हे पटणार नाही, आणि न पटायला हरकत नाही. पण मत बनायला तिन्ही रूपं शक्य आहेत हे आधी ठाऊक असावं लागतं. तीन फोटोंत जागा तीच, माणूस तोच, संध्याकाळ तीच. फरक पडला तो चाकाच्या काही खटक्यांमुळे, आणि त्यातलं कुठलं चित्र खरं वाटतं हे ठरवता ठरवता माणसाला स्वतःची आवड कळली.

इथे वेळही थोडा असतो. सुमारे सतरा अंशांच्या या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. बिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं जातात. त्यानंतरचा कामाचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचा, आणि त्यात साधारण दर तीन मिनिटांनी उजेड निम्म्यावर येतो. या वेळात ज्याला मेनूमध्ये आयएसओ शोधावा लागतो त्याची संध्याकाळ मेनूत जाते. ज्याच्या अंगठ्याला चाक ओळखीचं आहे त्याचा डोळा समुद्रावरून हलत नाही. सेटिंग्ज शिकल्याने माणूस यंत्रात गुंततो असं म्हणणाऱ्यांनी या वीस मिनिटांत दोघांच्या शेजारी उभं राहून पाहावं.

आता फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे वळतो, कारण "नजर हवी" म्हणणारे शेवटी त्यांचंच नाव घेतात. एक साधा छोटा कॅमेरा, बहुतेक वेळा एकच ५० मिमीची लेन्स, फ्लॅश नाही, आणि तरीही एवढं मोठं काम! पण तो साधा कॅमेरा लायका होता, त्या काळातला अत्यंत नेमका बनवलेला छोटा कॅमेरा. मोठ्या पेटीसारख्या कॅमेऱ्याने गल्लीत वावरता येणार नाही म्हणून त्यांनी तो निवडला. त्याचे चकचकीत भाग लोकांच्या नजरेत भरू नयेत म्हणून त्यांवर काळी पट्टी चिकटवली. आपल्या कामाला नेमकं काय लागतं याचा इतका बारीक विचार केलेल्या माणसाला कॅमेऱ्याने फरक पडत नाही या मताचा साक्षीदार म्हणून उभं करणं चुकीचं आहे. त्यांच्या उदाहरणातून निघतो तो सल्ला असा, की आपल्याला काय सांगायचं आहे ते ओळखून कॅमेरा निवडा आणि तो पाठ होईपर्यंत वापरा.

"आता फोनच पुरे" असं म्हणणाऱ्यांशी मला थोडं सबुरीने बोलायचं आहे, कारण त्यांच्या बाजूने बरंच काही आहे. महागड्या फोनचा मुख्य सेन्सर सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा असतो, मधल्या दर्जाच्या फोनचा ३० च्या आसपास. एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर ३३० ते ३७०, फुलफ्रेमचा ८६४. हे आकडे फेकून फोन निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. पण कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ वर असते, म्हणजे तिचं उजेड घेणारं तोंड पाचेक मिलिमीटरचं. चांगल्या फोनचं साडेतीनच्या घरात. उजेडात फरक पडला तो दुपटीचा, आणि फोन दहा-वीस फ्रेम एकत्र करून तो सहज भरून काढतो. म्हणून ज्याला फक्त रुंद दृश्यं टिपायची आहेत आणि फोन ज्याच्याकडे आहेच, त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत. त्याने फोनमधला प्रो मोड उघडावा, पडद्यावर बोट दाबून एक्स्पोजर कुलूपबंद करावं, ते खाली ओढावं, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून दिवसाच्या उजेडावर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर आणावा. ऑटोवर ठेवलं तर संध्याकाळचा केशरी रंग दुरुस्त करण्यासारखा दोष आहे असं समजून फोन तो उतरवू लागतो. फोनमध्येही हे निर्णय घेता येतात. माझा आग्रह फोन टाकण्याचा नाही, निर्णय घेण्याचा आहे.

पण फोनच्या काही मर्यादा भौतिक आहेत आणि नजरेने त्या ओलांडता येत नाहीत. "सूर्य एवढा मोठा दिसतो, फोटोत टिकलीएवढा का येतो?" असं आरे-वारेला हमखास ऐकू येतं. सेन्सरवर पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास लेन्सच्या फोकल लेंग्थच्या साधारण १०९ वा भाग असतो. फुलफ्रेमच्या हिशेबात २४ मिमीच्या लेन्सवर, आणि फोनची मुख्य लेन्स त्याच घरातली असते, बिंब फ्रेमच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान पडतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २५० मिमीची लेन्स लावली की तेच बिंब रुंदीच्या एक दशांश होतं. पाण्याला टेकलेला लालभडक गोळा आणि त्याच्यापुढून जाणारी होडी हे चित्र ज्याच्या मनात आहे त्याला लांब लेन्सच लागेल. त्याला "नजर तयार कर" म्हणणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं आहे.

याच मुद्द्याला एक गंभीर बाजू आहे. सेल्फीची लेन्सही रुंदच असते. रुंद लेन्स जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवते, त्यामुळे पाठीमागची लाट पडद्यावर लहान आणि दूर वाटते. ती मोठी दिसावी म्हणून माणूस खडकावर आणखी मागे सरकतो. २०२५ च्या जुलैत याच किनाऱ्यावर एका कुटुंबातले चौघे बुडाले. ते फोटोपायी गेले असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात हा समुद्र कसा असतो ते लक्षात राहावं म्हणून सांगतो. लांब लेन्स असलेला माणूस सुरूच्या झाडांपाशी उभा राहून तीच लाट फ्रेमभर घेऊ शकतो. लेन्स आपल्याशी काय खेळ करते हे पर्यटकाला कुणी दोन मिनिटांत सांगितलं, तर ते कुठल्याही सूचनाफलकाइतकं उपयोगी पडेल. वेळासच्या कासव महोत्सवातही हेच. पिल्लं समुद्राकडे जातात ती उजेडाच्या दिशेने. फ्लॅश कुठे बंद होतो हे ठाऊक नसलेला माणूस कितीही हळव्या नजरेचा असला तरी त्यांची वाट चुकवतो.

जिल्ह्याच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहा. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि त्याआधी सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ती नोंदवली. जांभ्यात कोरलेली ती उथळ रेघ भर दुपारी जवळजवळ दिसत नाही. सूर्य आडवा झाला की खाचेत सावली भरते आणि आकृती उठून येते. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच. जमिनीवर उभं राहून कुठल्याही लेन्सने त्याचा आकार खरा येत नाही, वरूनच घ्यावा लागतो. म्हणजे कोणत्या वेळेचा उजेड, कुठली उंची, कुठलं साधन हे ठरवल्याशिवाय तिथे पाहणंसुद्धा पुरं होत नाही. उजेड आडवा हवा हे ज्याला माहीत आहे तो दुपारी सड्यावर जाणारच नाही.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी उभी आहेत. "घ्यायचा तर फुलफ्रेमच घे", "मॅन्युअल मोडशिवाय फोटोग्राफी नाही" असं सांगणारे. त्यांना थोडक्यात उत्तर देता येतं. एपीएस-सीपेक्षा फुलफ्रेम सुमारे एक-सव्वा स्टॉप पुढे असतो. अंधाऱ्या हॉलमध्ये लग्नं करणाऱ्याला ते मोलाचं आहे, किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून बसणाऱ्याला फारसं नाही. आणि मॅन्युअलचा अट्टहास शिकणाऱ्याला उगाच दमवतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आणि हाताशी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एवढ्यावर बहुतेक संध्याकाळी निभावतात.

मला विचाराल तर शिकणाऱ्याने जुना एपीएस-सी डीएसएलआर घ्यावा. मोठ्या कंपन्यांचं नवं काम आता मिररलेसवर चालतं, त्यामुळे जुने डीएसएलआर मुंबईत फोर्टच्या बोराबाजारासारख्या ठिकाणी १८-५५ लेन्ससकट मधल्या दर्जाच्या फोनहून कमी किमतीत मिळतात. मिररलेसचा एक मोठा फायदा मान्य केला पाहिजे. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो उजळ येणार की काळा हे बटण दाबण्याआधी दिसतं, आणि नवशिक्याला तेवढ्याने फार मदत होते. परवडत असेल तर तोच घ्यावा. पुढचा पैसा बॉडीवर न घालता लेन्सवर घालावा. एक ५० मिमी एफ/१.८ ची, आणि समुद्राचं वेड असेल तर ५५-२५० च्या आसपासची. फाइल रॉमध्ये ठेवावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४, आणि आकाशातला केशरी ते जांभळा उतार या पायऱ्यांवरच उभा असतो. "नंतर एडिट करू" म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की जळून पांढरं झालेलं आकाश आणि हललेला चेहरा रॉमध्येही परत येत नाही.

कोकणात कॅमेरा घ्यायचा तर आणखी एक गोष्ट हवी, आणि तिच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. कापडी पिशवीत कपाटात ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात खराब होऊ शकते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा लहानसा काटा एवढं पुरतं. काटा पन्नासच्या खाली ठेवायचा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये, खाऱ्या तुषारांनंतर कॅमेरा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावा. एसी गाडीतून उतरल्याबरोबर काचेवर बाष्प धरतं, म्हणून आरेचा चढ लागायच्या आधीच एसी बंद करावा. सीलबंद फोनला यातलं फारसं काही लागत नाही. जो एवढी निगा राखणार नाही त्याला फोनच योग्य, आणि हे सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही.

शेवटचा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. तंत्राच्या मागे लागलेली मुलं निर्दोष पण निर्जीव फोटो काढतात, असं म्हणतात. तसे फोटो मीही पुष्कळ पाहिले आहेत. काठापासून काठापर्यंत धारदार, आणि त्यात काहीही नाही. पण ते काढणाऱ्यांना आकडे शिकवले गेले, आकडा कशासाठी हे कुणी शिकवलं नाही. एफ/११ म्हणजे काय हे पाठ झालं, पुढचा खडक आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत की खडकच हवा, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. यावर इलाज म्हणजे शिकवणं थांबवणं नव्हे. वर्ग खोलीतून उठवून किनाऱ्यावर न्यावा, तिथे प्रत्येक आकड्याच्या आधी प्रश्न ठेवावा, आणि एकाच लाटेचे तीन फोटो काढायला लावून त्यातला एक निवडायला आणि का निवडला ते सांगायला लावावं.

आणि जे नामवंत शिबिरांत बोलायला जातात त्यांना माझं सांगणं आहे. तुम्हाला ही चाकं आणि बटणं पाठ आहेत. ती विसरता येतील इतकी ती तुमच्या हातात मुरली आहेत, म्हणून तुम्हाला उरलेली गोष्ट फक्त नजर वाटते. समोर बसलेल्या मुलांच्या हातात ती अजून आलेली नाहीत. पुढच्या वेळी भाषणाआधी एवढंच करा. सगळ्यांना आपापला कॅमेरा किंवा फोन हातात घ्यायला सांगा, आणि एक्स्पोजर कमी-जास्त करायचं बटण कुठे आहे ते दाखवायला सांगा. ज्याला ते सापडत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तिथून सुरुवात करा.